चौदा नियम आणि तेवीस शिक्के

तीर्थरूप भावोजी,

पाया पडून नमस्कार (डावा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे सध्या फक्त उजव्याच्या). ठणका कमी झाला असेल, ताई आठवडाभर आधीच पोरीकडे निघून गेल्यावर दूध उतू जाण्याचं प्रमाण आटोक्यात आलं असेल आणि वाचनालयाचे सभासद अजूनही तुमच्या धाकात असतील, असं धरून चालतो. पत्र लिहिण्याचं कारण असं, की लग्नाचा विषय निघाला की तुम्ही फोन ठेवता. पत्र मात्र तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, निदान शुद्धलेखनाच्या चुका काढायला तरी. म्हणून मधे मधे मुद्दाम काही चुका ठेवल्या आहेत.

आधी तुमच्या यादीबद्दल आभार. 'बसने सीमा ओलांडताना फसवणूक टाळण्याचे चौदा नियम' हा तुमचा कागद मी तोंडपाठ केला आणि बसमध्ये शेजारच्या बाईंना म्हणूनही दाखवला (त्या पुढच्या थांब्यावर मागच्या सीटवर जाऊन बसल्या). नववा नियम, म्हणजे कुणी 'मी तुमचाच माणूस' म्हणत धावत आला तर अजिबात ओळख देऊ नये, हा तर मी इतका मनावर घेतला, की बसस्थानकावर भेटलेल्या आपल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनाही ओळख दाखवली नाही. ते बिचारे माझी विसरलेली छत्री द्यायला आले होते. पण जबाबदारीच तशी होती. गुरुवारी अकरा वाजता नोंदणी कचेरीत भाचीच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायची, बाप येऊ शकत नाही (पायामुळे) म्हणून मामाने वेळेवर पोचायचं, तेव्हा वाटेत कुणाकडूनही फसायचं नाही असं मी ठरवूनच निघालो होतो.

सीमेचं फाटक अर्ध्या किलोमीटरवर असताना बस थांबली आणि गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड असलेला एक हसतमुख गृहस्थ आत चढला. म्हणाला, आतली खिडकी आज बंद आहे, पासपोर्ट आणि फी माझ्याकडे द्या, दहा मिनिटांत शिक्के मारून आणतो. लोकांनी भराभर पासपोर्ट काढून दिले. मला तिसरा नियम आठवला (पासपोर्ट फक्त काचेमागच्या माणसाच्या हातात), पण त्याच्याही आधी माझा धंदा आडवा आला. तीस वर्षं रबरी शिक्के करून पोट भरतोय, दुसऱ्याचा शिक्का दिसला की हात आपोआप खिशातल्या भिंगाकडे जातो. त्याने नमुना म्हणून दाखवलेल्या कागदावर भिंग धरलं आणि मला गुदगुल्याच झाल्या. 'प्रवेश'मधला 'श' चाकूने कोरलेला, आणि बाहेरचं वर्तुळ बाटलीच्या झाकणाने उठवलेलं, झाकणाच्या कंगोऱ्यांसकट! मी सीटवर उभा राहिलो आणि अख्ख्या बसला शिक्क्यांवर व्याख्यान दिलं. लोकांनी पासपोर्ट हिसकावून घेतले, तो गृहस्थ क्लिपबोर्ड टाकून मागच्या दाराने पसार झाला आणि टाळ्या पडल्या. भावोजी, माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. क्लिपबोर्ड मी पुरावा म्हणून काखेत मारला.

आता मला जिकडेतिकडे भामटेच दिसू लागले. खाली एक बाई सगळ्यांच्या बॅगांना पिवळ्या फिती बांधत होत्या. सातवा नियम: सामानाला कुणाला हात लावू देऊ नये. मी त्यांना दरडावलं आणि भराभर सगळ्या फिती सोडल्या (फिती बस कंपनीच्याच होत्या, हे नंतर कळलं, कुणाची बॅग कुठल्या बसमध्ये गेली याचा शोध अजून चालू आहे). रांगेत उभा राहिलो, तर एका आजींनी पासपोर्ट माझ्या हातात देऊन फॉर्म कुठे भरायचा ते विचारलं. काखेत क्लिपबोर्ड आणि डोळ्याला भिंग, त्यांची तरी काय चूक? मीही ऐटीत फॉर्म भरून दिला. ते पाहून मागचे पुढे आले. खिडकीपाशी पोचलो तेव्हा माझ्या हातात पाच परके पासपोर्ट होते.

काचेमागचे अधिकारी मात्र अगदी खरे होते. त्यांनी माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला, मी सवयीने भिंग लावलं, आणि तारीख निघाली एकतीस. आज तर एक तारीख, आणि सरलेला महिना तीस दिवसांचा. (काल तीस होती म्हणून आज कुणीतरी चाक एक घर पुढे सरकवलं, एवढंच झालं होतं. महिना संपला हे चाकाला कुठून कळणार?) पण टाळ्या अजून कानात होत्या. मी काचेवर बोट आपटून म्हणालो, "साहेब, हा शिक्का खोटा आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग क्लिपबोर्डकडे, मग भिंगाकडे, मग पाच पासपोर्टांकडे. आणि शांतपणे म्हणाले, "बॅग उघडा."

बॅगेतून तेवीस शिक्के निघाले. 'मिळाले', 'रद्द', 'तातडीचे', 'मंजूर', आणि माझा खरा घात करणारा 'खरी प्रत'. गिऱ्हाइकांची तयार कामं जाता जाता पोचवावीत म्हणून बरोबर घेतली होती, पण टेबलावर ओळीने मांडलेली पाहून माझा मलाच संशय आला. तेविसावा शिक्का पोरीसाठी खास केलेला: दोघांची नावं शेजारी शेजारी आणि खाली नव्या घराचा पत्ता. साहेबांनी तो कोऱ्या कागदावर उठवून वाचला आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. भाचीचा, म्हणालो, आणि मग मी सांगतच सुटलो. शाळा सुटली की ही माझ्या दुकानात यायची आणि काउंटरखाली बसून 'मंजूर'चा शिक्का गृहपाठापासून मांजरापर्यंत दिसेल त्यावर मारायची. एकदा तुम्ही खुर्चीत डुलकी काढत होता, तर तुमच्या कपाळावरही मारला. तुम्ही तसेच वाचनालयाच्या सभेला गेलात आणि त्या दिवशी एकही ठराव अडला नाही.

साहेब हसले, पण नियम म्हणजे नियम. मला आतल्या बाकावर बसवून ठेवलं आहे. बस पुढे निघून गेली. चहा दिला, तो बरा होता. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा फजित मेहुणा

ता.क. मुख्य काम राहिलंच. साहेबांचं म्हणणं, एखाद्या प्रतिष्ठित माणसाने मी शिक्के करतो, पण खोटे करत नाही, असं लेखी द्यावं. माझ्या ओळखीत प्रतिष्ठित तुम्ही एकटेच. वाचनालयाच्या कागदावर चार ओळी लिहा आणि खाली वाचनालयाचा गोल शिक्का मारायला विसरू नका, त्याशिवाय चालणार नाही म्हणतात. हे पत्र परतीच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे.

ता.क. २ वाचनालयाचा गोल शिक्का मूठ सैल झाली म्हणून तुम्ही गेल्या महिन्यात माझ्याकडेच दुरुस्तीला दिला होता. जप्तीच्या यादीत तो अकरावा आहे. तेव्हा कागद नको, तुम्हीच या. प्लास्टर गेल्या शुक्रवारी निघालं, हे मला डॉक्टरांकडून कळलं आहे (त्यांचा शिक्काही मीच करतो). ताईला बोललेलो नाही.

ता.क. ३ खरं सांगतो, मी सुटलो. दोन वाजता साहेबांच्या शिक्क्याचं चाक एक तारखेवर आणून दिलं, आजींनी माझ्या बाजूने साक्ष दिली, शिक्के परत मिळाले आणि हे अख्खं पत्र मी फाटकापलीकडच्या बाकावर बसून लिहितो आहे. म्हणजे चौदा नियम देणाऱ्यालाच मी दोन ताजा कलम फसवत होतो, माफ करा. पण साक्षीदारांच्या जागा दोन आहेत. एक माझी. दुसरी पोरीने अजून कुणालाही दिलेली नाही, ताईने तीनदा विचारून पाहिलं. तुम्हाला न विचारता तिने लग्न ठरवलं हे चुकलंच, पण 'मंजूर' तिला तुमच्याकडूनच हवं आहे. तो शिक्का माझ्या बॅगेत असला तरी मी मारून चालणार नाही.

बस उद्या, बुधवारी सकाळी साडेसहाला आहे. ड्रायव्हरच्या मागची सीट घ्या, पाय लांब करता येतो. तेरा नियम डोळ्यांत तेल घालून पाळा. नववा तेवढा मोडा, कारण मी तुमचीच म्हणत जी धावत येईल ती उद्या दुपारपासून फाटकापलीकडे उभी असेल.