वरचं वीतभर

१२ सप्टेंबर

रोजनिशी, पाच महिने तुला हात लावला नाही, माफ कर. नॉर्विचचं घर विकणं, शाळेचा राजीनामा, सामानाची बांधाबांध, यात लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. लिहायचा धीर नव्हता. आता सफोकमधल्या या खेड्यात येऊन आठ दिवस झाले. घर लहान आहे, पण मागे हिरवळ आहे आणि कुंपणापलीकडे डेस्मंड कॅचपोलचं बार्लीचं शेत, नुकतंच कापलेलं. धसकटं पाहूनच हात शिवशिवले.

आज त्याच्याकडे परवानगी मागायला गेले. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून ‘तुमच्या जमिनीत मेटल डिटेक्टर फिरवू द्या’ म्हणायचं, हे मला अजून भीक मागितल्यासारखं वाटतं. बूट पुसले, जिंजरकेक नेला, कराराच्या दोन प्रती नेल्या. त्याने न वाचताच सही केली.

“सोनं निघालं तर अर्धं माझं. लोखंड निघालं तर सगळं तुझं, पोरी,” म्हणाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पोरी!

यंत्र दाखवायला सुरू केलं तर ते माझ्याच डाव्या नडगीवर केकाटलं. तीन वर्षांपूर्वी बर्फावर घसरले होते, तेव्हाची पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू आत आहेत. इथे खणायची परवानगी कुणाकडे मागायची, असं त्याने विचारलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

१६ सप्टेंबर

चार दिवसांत दोन बटणं, शिशाची एक गोळी, झिजलेली एक पेनी. प्रत्येक वस्तू धुऊन डेस्मंडच्या पायरीवर मांडून दाखवली. खड्डेही नियमाने: घोड्याच्या नालेच्या आकारात धसकटांसकट माती कापायची, एक बाजू जोडलेली ठेवायची, काम झालं की झाकणासारखी बसवायची. दुसऱ्या दिवशी मलाच जागा सापडू नये.

मन मात्र खालच्या शेतावर आहे. ते केरिजबाईंचं. एकट्याच राहतात, नव्वदीच्या. गेल्या तीस वर्षांत त्यांनी कुणाला हो म्हटलेलं नाही, असं डेस्मंड म्हणाला. नाही तरी म्हणाल्यात का, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्या गप्प बसतात आणि गाव समजून घेतं.

तरी आज पत्र त्यांच्या दारातून आत सरकवलं. नक्कल इथे ठेवते:

“आपल्या खालच्या शेतात शोध घेण्याची परवानगी मिळावी. प्रत्येक खड्डा पूर्ववत बुजवीन. जे सापडेल ते दाखवीन. अर्धं आपलं राहील. दहा दिवसांत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असं समजेन.”

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं. ते बरोबर नाही हे मला कळतं. मौन म्हणजे नकार, हे मीच नॉर्विचच्या डिटेक्टर क्लबातल्या नवख्यांना शिकवत असे.

२७ सप्टेंबर

उत्तर आलं नाही. मी गेले.

पहिल्याच तासाला खणखणीत आवाज मिळाला. वीतभर खणलं, काही नाही. यंत्र आणखी खाली म्हणत होतं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा मिळालं: चांदीचं लहानसं बकल, त्याला चामड्याचा काळा तुकडा अजून चिकटलेला. कुणाच्या तरी बुटाचं. खड्डा नीट बुजवला. बकल मात्र कुणाच्या पायरीवर मांडलं नाही. रुमालात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलंय आणि ते तिथे आहे हे दर पाच मिनिटांनी आठवतंय.

२९ सप्टेंबर

केरिजबाई वारल्या. माझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच त्यांना इप्स्विचच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. डेस्मंडलाही आजच कळलं. म्हणजे पत्र कुणी उघडलंच नाही. रिकाम्या घराच्या मौनाला मी होकार समजले.

मी डेस्मंडला सगळं सांगितलं. तो हसला नाही. बकल किती खोल होतं, एवढंच विचारलं. मी कोपर दाखवलं.

“वरचं वीतभर आमचं, असं म्हातारी म्हणायची. नांगर त्याखाली कधी घातला नाही. तापाच्या साथीत मेलेले आहेत तिथे, चर्चने आपल्या दफनभूमीत न घेतलेले. खालचं त्यांचं. तू विचारलंस तरी भलत्याच मालकाला, पोरी.”

केरिजबाईंच्या वकिलाला पत्र टाकलं: बकल परत पुरायला शेतात जाऊ द्यावं.

२ ऑक्टोबर

दारातून एक कागद आत पडला. ओलसर, मातीचा वास. “आपल्या घरात शोध घेण्याची परवानगी मिळावी. प्रत्येक खड्डा पूर्ववत बुजवीन.” शेताच्या जागी घर, बाकी शब्द न शब्द माझा, दहा दिवसांच्या वाक्यापर्यंत. खाली सही नाही, पत्ता नाही.

डेस्मंडची थट्टा असेल म्हणून त्याच्याकडे गेले. त्याने वाचला, हात पँटला पुसले. मग म्हणाला, “नाही म्हण. लगेच म्हण.”

३ ऑक्टोबर

मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहून कागद शेताच्या कडेला दगडाखाली ठेवला. शेतात पाऊल टाकलं नाही. माझा तो हक्क नाही.

४ ऑक्टोबर

कागद माझ्या पायरीवर. चिंब. कोरा.

७ ऑक्टोबर

पुन्हा लिहिलं. पुन्हा कोरा. कुंपणाशी उभी राहून मोठ्याने नाही म्हटलं. वीतभर मातीखाली काय ऐकू जात असेल?

वकिलाचं उत्तर आलं: वारस कॅनडात आहे, कागदपत्रं होईपर्यंत शेतात कुणी जाऊ नये. मी गेले नाही. चुकीच्या दिवशी नियम पाळते आहे, हे कळतं. तरी पाय उचलत नाही. हा सचोटीचा हट्ट की भीती, मला ठरवता येत नाही.

१२ ऑक्टोबर

दहा दिवस झाले.

हिरवळीत अकरा खड्डे. म्हणजे झाकणं. इतकी सुबक की ओल्या पायांनी चालले म्हणून कळली. पायरीवर दोन खिळे, अर्धी साखळी. धुतलेले. माझ्या वाट्याचे.

१३ ऑक्टोबर

बैठकीतल्या गालिच्यावर नालेच्या आकाराची रेघ. उचलला तर खाली फळीही तशीच कापलेली, बसवलेली. घरात सहा चमचे होते. पायरीवर तीन.

बकलला हात लावलेला नाही. ते खणात आहे. ते का नेत नाहीत— त्यांनी नेऊन चालत नाही बहुतेक. घेतलं मी, तर परतही मीच—

१४ ऑक्टोबर

दुपार. खुर्चीत बसले होते. तो आवाज. माझ्याच यंत्राचा, पण यंत्र कपाटात, बॅटरी बाहेर. दारापासून हळूहळू. टेबल. चूल. मग माझ्यापाशी आला आणि नडगीवर थांबला.

नाही म्हणाले. नाही म्हणाले. दहा दिवस उलटून गेल्यावर—

१५ ऑक्टोबर

दुखत नाही. रक्त नाही. नडगीवर बारीक रेघ, नालेसारखी, वरची बाजू जोडलेली. फार सुबक. मलाही इतकं जमलं नसतं.

पायरीवर तीन स्क्रू. धुतलेले.

उभी राहिले तर पाय मधोमध वाकतो. सरपटत दारापर्यंत. डेस्मंडला हाका. वारा त्याच्या बाजूने इकडे, हाक पोचत नाही.

दाढेत चांदी आहे. दोन दाढांत. आवाज जिन्यावर

उद्या: बकल कोपरभर खोल परत पुरणे. आधी परवानगी, त्यांचीच, पण त्यांना विचारायचं कसं ते—