कुकरचं झाकण आणि गाडीतला एसी

आई, मी गाडीतला एसी काढला. पुरता, मुळापासून. आणि गाडी चालू झाली! घरात सगळ्यांना सांगून झालंय, शेजारी दोनदा सांगून झालंय, आता मी तोंड उघडलं की लोक चपला शोधायला लागतात. तू उठून जाणार नाहीस, म्हणून तुला लिहायला बसले.

तुला आधी गाडीचंच सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी डी.एड.ला होते. पुढे रानशेतच्या शाळेत लागले आणि कितीतरी वर्षं डहाणू स्टेशनबाहेर जीपमध्ये बसून राहण्यात गेली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवतो. मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी सुक्या बोंबलांची टोपली, आणि शाळेत पोचेपर्यंत माझ्या साडीची पार रया गेलेली. मग एक जुनी गाडी घेतली, स्वतः चालवायला शिकले. पहिल्या दिवशी एकटी निघाले आणि वाटेत ताडगोळे दिसले म्हणून थांबले. कुणाला न विचारता थांबले गं! तेव्हा तुझी आठवण आली. चिंचणीला माहेरी जायचं तरी तू आधी बाबांना सवड आहे का ते बघायचीस, आणि त्यांना ती कधी नसायचीच.

तर या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली आणि गाडी किंचाळून बंद पडली. पुढून जळक्या रबराचा वास. एसीचा कॉम्प्रेसर म्हणून एक जड डबा असतो, त्याचं चाक जाम झालं होतं. या गाडीत एकच पट्टा ते चाकही फिरवतो आणि पाण्याचा पंपही, त्यामुळे एक अडलं की सगळंच अडतं. कॉम्प्रेसर नवा घालावा एवढी गाडीची लायकी राहिली नव्हती. महिनाभर ती अंगणात नुसती उभी राहिली, मग आमच्या ह्यांनी तलासरीच्या भंगारवाल्याला शब्द देऊन टाकला, पुढच्या रविवारी घेऊन जा म्हणून. मला म्हणाले, "तुझं काय अडतंय? जीप आहेच की." त्या "आहेच की"नं माझं डोकं फिरलं. मी पार्टच्या दुकानात जाऊन बसले. तिथे कळलं, हीच गाडी बिनएसीची पण निघायची आणि तिला आखूड पट्टा असतो. एसी काढा, आखूड पट्टा चढवा, गाडी पळेल. पट्टा घेऊनच घरी आले.

हे तसे मनानं वाईट नाहीत, फक्त घाईचे. माझा हट्ट बघून स्वतःच पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकले. "महिनाभर उभी आहे, गॅस केव्हाच उडाला असणार. हा पाइप ढिला करतो, दोन मिनिटांचं काम आहे." पाना नटावर बसला, आणि मी अंगणात ओरडले, "हात काढा आधी!" समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दचकली. मीही दचकले, कारण तो आवाज माझा नव्हता, तुझा होता.

वरोरचं आपलं स्वयंपाकघर. मामानं मुंबईहून पाठवलेला कुकर पहिल्यांदा चुलीवरून उतरलाय आणि बाबांना भूक लागलीय. तू म्हणतेयस, थांबा. ते थांबत नाहीत, दांडा धरून झाकण जोरात पिळतात. मग नुसता धडाका. डाळ वाशांवर, डाळ देवाच्या फोटोवर, आणि तुझं मनगट भाजलेलं. "हा बाँबगोळा उद्याच्या उद्या परत पाठव," बाबा बजावतात. दुसऱ्या दिवशी मनगटाला फडकं बांधून तू तोच कुकर पुन्हा चढवतेस. उतरवून ठेवतेस आणि समोर पाटावर बसून राहतेस. मी झाकणाकडे हात नेते तर माझ्या हातावर चापट बसते. "हात काढ आधी! त्याला जरा दम खाऊ दे. आतलं जोर धरून बसलेलं दिसत नाही, म्हणून नाही असं नसतं." शिट्टी उचलून बघतेस, वाफ येते, परत ठेवतेस. शेवटी झाकण अलगद निघतं आणि भात मोगऱ्यासारखा फुललेला. बाबा दोनदा भात मागून घेतात. परत पाठवायचं नाव पुन्हा निघालं नाही.

म्हणून मी तलासरीच्या हायवेवरून एसीवाल्याला त्याच्या मशीनसकट बोलावलं. गॅस हवेत न सोडता बाटलीत ओढून घेणारं मशीन. त्यानं नळ्या जोडल्या आणि मशीनवरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा टुणकन वर गेला. "बेन, जुओ ने, बघा केवढा गॅस हाय अजून!" तो ह्यांच्याकडे वळला. "शेठ, पाइप खोलला असता ना, तर हा तोंडावर आला असता. बरफासारखा. डोला गेला असता." ह्यांनी पाना हळूच खाली ठेवला. काटा पाहता पाहता शून्यावर आला. मशीन थांबवलं तर जरासा परत वर चढला. हे म्हणाले, "झालं ना आता?" मी म्हटलं, "जरा दम खा." पुन्हा ओढलं, पुन्हा थांबलो. या वेळी काटा पडून राहिला.

मग बॅटरीची तार सोडली, डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, आणि पहिला नट मी उघडला. मीच! बारीक फुस झालं, बस्स. एसीवाला सांगत गेला, मी उघडत गेले, हे निमूटपणे बोल्ट वाटीत ठेवत गेले. कॉम्प्रेसर उतरला, पुढची जाळी निघाली, डॅशबोर्डमागचं थंड करणारं भेंडोळं निघालं, भोकांना रबरी बुचं बसली. आखूड पट्टा चढवला, चावी फिरवली, आणि अशी गुरगुरली म्हणतेस! मी अंगणात चक्क नाचले, पन्नाशीला टेकलेली बाई. रविवारी भंगारवाला आला. त्याच्या टेम्पोत मी फक्त एसी चढवला आणि ह्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला.

शाळा उघडल्यापासून रोज काचा खाली करून रानशेतला जाते. आज वाट वाकडी करून वरोरला आले, कुणाला न विचारता. वाशावरचा डाळीचा डाग अजून आहे. इथल्या ओट्यावरच हे लिहितेय. पाठवायचं कुठे, तेव्हा गाडीच्या खणात ठेवते, टायरच्या पावतीखाली. सगळ्यांना मी छाती पुढे काढून सांगते, एसी काय करायचाय, खाडीचा वारा येतो. तुला म्हणून खरं सांगते.

फार उकडतं गं, आई.