स्वच्छ थुंकीचा अहवाल

३ मार्च, सकाळ
आत्या आज पुन्हा सगळ्यांदेखत म्हणाली, ही पोरगी आपली नव्हेच, दवाखान्यात अदलाबदल झाली असणार. कारण काय, तर मी दारातल्या चपला मापाप्रमाणे लावते. मला मुळीच वाईट वाटलेलं नाही. डीएनए तपासणीची दोन किट मागवली. एक माझं, एक तिचं. विज्ञानापुढे तिची बोलती बंद होईल.

९ मार्च
किट आली. अर्धा तास काही न खाता नळीत थुंकायचं. आत्याच्या मते बिस्किट हे खाणं नव्हे, ती चहाची सोबत. तिचा नमुना चहाच्याच रंगाचा आला. लॅबवाल्यांची कीव आली.

१० मार्च
माझा नमुना. परक्या माणसाला घाणेरडी थुंकी पाठवणं माझ्या स्वभावात नाही. आधी ब्रश, मग जंतुनाशकाच्या गुळण्या. तरी फेस दिसत होता, म्हणून रुमालातून गाळून घेतली आणि नळी बंद करून उकळली. आई म्हणाली, अगं, थुंकी आहे ती, बाळाची दुधाची बाटली नव्हे. लेबल पट्टी धरून सरळ चिकटवलं.

६ एप्रिल
आत्याचा रिपोर्ट आला. ढीगभर लांबचे चुलत नातेवाईक सापडले. निम्म्यांशी ती फोनवर भांडूनही झाली. माझ्या रिपोर्टला वेळ लागतोय. काम नीट चाललेलं दिसतंय.

७ एप्रिल
आला. ‘नमुन्यात मानवी डीएनए आढळला नाही.’
यंत्र बिघडलं असणार. घरात सांगणार नाही. खोटंही बोलणार नाही, फक्त विषय टाळणार.

७ एप्रिल, दुपार
कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगून टाकलं. आत्या हसता हसता जिन्यावर बसली. दादा मघापासून माझ्या खोलीत शिरताना दार वाजवून विचारतोय, कुणी माणूस आहे का आत?

१९ एप्रिल
आत्याचे नवे नातेवाईक चहाला आले. एका चुलतआजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ही कोण? यादीत दिसली नाही ती?
मी बशा सरळ रेषेत लावू लागले.
आत्या फटकन म्हणाली, यंत्राला नाही सापडली तर यंत्राचं नशीब. आमचीच आहे. इतका छळ परकं माणूस करूच शकत नाही.
आमचीच! सगळ्यांसमोर!
मी ताबडतोब ते सहीनिशी लिहून मागितलं.
आत्याने शब्द मागे घेतला.