देवाच्या नावानं लावलेली झाडं

नगरा, झाशी

चि. मुग्धास विश्वंभरमामाचे, उरलेसुरले का होईना, आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत (माझे गुडघे सोडून, त्यांची चौकशी न केलेली बरी). तू कशी आहेस? कॉलेजात मधमाश्या शिकवता शिकवता वेळेवर जेवतेस ना?

तू पाठवलेलं बी पोचलं आणि वाटूनही झालं. आता पुढची कर्मकथा ऐक. आषाढात आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या सभेत मी उभा राहिलो. मधमाश्यांसाठी झाडं लावा म्हटलं असतं तर एकानंही कुंडी हलवली नसती (यांचा जीव त्या विलायती फुलांत, ज्यांत मधाचा थेंब नाही). म्हणून मी अक्कल चालवली. देवाला आवडतात, लावा, असं सांगितलं. तुळस, सब्जा, साधा एकेरी झेंडू घरोघर लागला आणि असा फुलला, की मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार उरकून घेतला. तेवढ्यात नवरात्र आलं. झाडं देवाची, मग फुलंही देवाचीच! उजाडायच्या आत मंडळाच्या अध्यक्ष केशवरावांसकट सगळे परड्या घेऊन हजर, आणि तुझी मामी त्यांची पुढारी. माश्या येणार ऊन पडल्यावर; त्यांनी काय देठ चोखायचे? मंडळातल्या नीरजला (मराठी कळतं, बोलवत नाही) म्हटलं, बाबा रे, निम्मी तरी झाडावर ठेव. तर म्हणतो, "अंकलजी, आप ही ने तो कहा था, भगवान के लिए हैं!" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आपल्या अंगणातल्या डाळिंबावरचं इवल्याशा फुलोरी मधमाश्यांचं पोळं, ज्याचा फोटो तू वर्गात दाखवलास, ते गेलं. अशा भक्तांत कोण राहील? संताप येतो गं. रडूही येतं.

तुझा,
विश्वंभरमामा

ता. क. दिवाळीत विद्यार्थ्यांना घेऊन पोळं बघायला येणार म्हणाली होतीस. येऊ नकोस. त्यांना काहीतरी कारण सांग.

ता. क. दुसरा. वर सगळा दोष भक्तांवर ढकललाय, तो खरा नाही. दसऱ्याच्या सकाळी आमच्या तुळशीला एकच मंजिरी उरली होती. तिच्यावर माशी बसलेली, आणि मामीनं नेमकी तीच खुडली. हात मनगटापर्यंत सुजला. मी घाबरलो आणि डाळिंबाखाली पेटता पलिता धरला. एकही माशी उरली नाही. मामीची सूज दुपारी उतरली.