धाग्याचा हात खाली

१६ ऑक्टो. ७४, मेडशी
शांताला तपासलं. आठवा लागतोय. पाय सुजलेले, बी.पी. वर. मागचं बाळ भरल्या दिवसांत पोटातच गेलं, तेव्हा नर्स म्हणून माझी नेमणूक इथे नव्हती. सासू काशीबाई गावची सुईण, तिनेच सोडवलेली. म्हणाली, "वार पांढरी होती बाई, दगडावानी." एवढं तिने पाहून ठेवलंय. मनात हात जोडले.

१८ ऑक्टो.
शांताला एस.टी.ने मालेगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, पोटातल्या मुलाचं फुप्फुस म्हणजे वार. आईचं रक्त तिथे कमी पोचलं की प्राणवायू कमी, मूल खुरटतं. आराम हवा. डाव्या कुशीवर निजायचं, चुलीच्या धुरात बसायचं नाही.
येताना शांता विचारते, "मंग मी श्वास घेतला का त्याले भेटते?" हो म्हटलं. मेडशीपर्यंत मोठमोठे श्वास घेत बसली. हसू आलं, बरंही वाटलं.

२० ऑक्टो.
काशीबाई फणफणतेय. "आमी कापूस येचता येचता बाळंत झालो. हे कायले निजून राह्यते?" पण चूल स्वतःकडे घेतली. बोलते एक, करते दुसरं. आवडते मला.
शांताचा डाव्या-उजव्याचा घोळ होतो. सोपं करून दिलं: खाटेवर तोंड भिंतीकडे. झालं काम.

९ नोव्हें.
दिवाळीसाठी घराच्या भिंती मातीने पोतारल्या, तेव्हा खाट समोरच्या भिंतीला गेली. उशी त्याच दिशेला. शांता निजलेली, तोंड भिंतीकडे. म्हणजे उजव्या कुशीवर.
"कवापासून?"
"आठ रोज झाले. तुमी सांगतलं तसंच करून राह्यली ना."
चूक माझी. पोट मोजलं, पंधरवड्यात वाढ नाही. बाहेर येऊन सायकल धरून उभी राहिले थोडा वेळ. भीती वाटली.
काशीबाईने काळा धागा आणून शांताच्या डाव्या मनगटाला बांधला. "धाग्याचा हात खाली. आता घर फिरो का गाव फिरो."

१७ नोव्हें.
बोटभर वाढ! शांता बाळाच्या प्रत्येक लाथेला वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकते. काल बारा, आज एकोणीस. दिवाळीचा उरलेला चिवडा खाऊन आले.

२८ नोव्हें.
मालेगावला न्यायचं ठरलेलं, पण एस.टी.च्या आधीच कळा. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. रडेना. मी तोंड पुसून पाठ चोळतेय, तोवर वार पडली, काशीबाईने ती थाळीत घेऊन निखाऱ्यावर धरली. वार शेकली की मूल जागं होतं, ही सुईणींची जुनी रीत. एरवी मी भांडले असते. पण नाळेत अजून ठोके लागत होते, म्हणून कापली नाही. मग पोरगी रडली. कोणामुळे, यावर आमचं अजून चाललंय.
वारेची एक कड पांढरी, टणक. बाकी लाल. ही कड त्या आठ दिवसांची का आधीची? काशीबाईला विचारलं. "मले काय ठावं. उरलेलीनं पोसली ना." वार दाराशी पुरली. मग मला आत चुलीपाशी बसवून चहा दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२ डिसें.
वजन चार पौंडाच्या आतच. चोखते, पण लवकर दमते. मंगळवारी परत तोलायचं. शांताला म्हटलं, आता कशीही नीज, धागा सोड. ती डाव्या कुशीवरच, पोरगी त्या हाताशी.
"राहू द्या बाई. तिले सवय हाय."