नववं कलम

मंगळवार, संध्याकाळ

सायखेड्याच्या द्राक्ष बागायतदारांचे अध्यक्ष, भाऊसाहेब, आज सही करता करता थांबले. “मॅडम, हे नववं कलम सोपं करून सांगा ना. मला नाय समजलं.”

करार मीच लिहिलेला, आमच्या अशिलासाठी, म्हणजे निर्यात कंपनीसाठी. सांगायला लागले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. कंपनीने नाकारलेला मालसुद्धा दुसऱ्याला विकायचा नाही, असा त्याचा अर्थ! जुन्या करारातून उचललेलं नववं कलम, नीट न वाचता.

गप्प बसता आलं असतं. का नाही बसले?

“ही माझी चूक आहे,” म्हणाले. ज्यांच्या हाताखाली मी वकिली करते, ते आमचे सर माझ्याकडे बघतच राहिले. नोकरी गेली, असंच वाटलं.

सहीसाठी आलेल्या कंपनीच्या मालकांनी ते कलम स्वतः खोडलं. निघताना म्हणाले, “पुढचे करारही तुम्हीच करा. फक्त आधी मला असंच समजावून सांगा.”

घरी येऊन रडले. का, कोण जाणे.