हिरव्या ग्रहाचं शेवटचं पान

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी खूप बोलले. आज मात्र चिडून लिहायला बसले आहे. कारण तुमच्या जुन्या विज्ञानकथा!

निवृत्त झाल्यावर डहाणूच्या घरातली ती पुस्तकं पुन्हा वाचायला काढली. काय हसले! माणूस मंगळावर पोचलाय आणि घरी निरोप मात्र तारेने पाठवतोय. यानातसुद्धा बायका चहाच करतायत. तुम्ही हवे होतात.

आठवतं, सायवनच्या शाळेत दर शनिवारी तुम्ही कथा वाचायचात आणि शेवटच्या पानाआधी पुस्तक मिटायचात? "सांगा, पुढे काय होईल?" मी मास्तरांची मुलगी, हात माझाच वर. हिरव्या ग्रहाची कथा तर माझी लाडकी. आपली माणसं यानातून उतरतात, तिथल्या रानातल्या लोकांना आरसे वाटतात आणि त्यांचं रान तोडून काचेचं शहर बांधू लागतात. "कॅप्टन जिंकणार!" मी ओरडले होते. तुम्ही शाबासकी दिलीत.

हल्ली शनिवारी मी गंजाडच्या शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवते. परवा तिथे, माझे वडील ही कथा वाचायचे असं मोठ्या तोऱ्यात सांगून, तीच वाचली. तुमच्यासारखंच पुस्तक मिटलं. मागून एक मुलगी उठली.

"पण बाय, त्यांना कोणी इचारला का?"

"कोणाला गं?"

"त्या रानातल्या लोकांना."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटच्या पानावर ते लोक टाळ्या वाजवतात, बाबा! मला ते वाचवेना. पुढच्या शनिवारी वाचू म्हणाले आणि निघून आले.

तेव्हापासून सायवनचा वर्ग डोळ्यांसमोरून हलत नाही. मी ओरडले तेव्हा बाकीची मुलं गप्प होती. सगळी रानातल्या पाड्यांवरची मुलं! तुम्हाला दिसलं नाही? कुणाच्या पायात काटा गेला तर स्वतः काढायचात तुम्ही. मग हे कसं सुटलं? की दिसलं होतं, आणि छापलंय म्हणून वाचत राहिलात? आता कोणाला विचारू?

दुसरीच कथा न्यावी, असंही मनात आलं. तुमचं नाव राखायला, दुसरं काय! पण ती मुलगी वाट बघत असेल.

म्हणून शब्द देते. शनिवारी तेच पान वाचेन, काहीही न गाळता. मग मुलांना बोलू देईन. त्यांनी तुम्हाला नावं ठेवली तरी तुमची बाजू घेणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, बाबा. मला तर वाटणारच आहे.

तुमची,
बेबी